दोन अंगठे आणि तीनची रिक्षा

“राणे, सीधी बात आहे,” वाधवा शेठ फोनवर म्हणाले. “कंप्यूटरमध्ये नाव कोणाचं? म्हात्रेचं. मग माल कोणी जाळला? म्हात्रेनी. तुम्ही लेटरहेडवर दोन लाइन लिहून द्या, सिस्टीम ओके होती म्हणून. बाकी मैं देख लूंगा.”

बाकी ते काय बघणार होते ते मला माहीत होतं. म्हात्रेला त्यांनी घरी बसवलंच होतं. आमचं पत्र हातात पडलं की कायमचं बसवणार होते.

मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये जो स्क्रीन असतो, ज्यावर कुठल्या मशीनचं तापमान किती, काय चालू, काय बंद हे दिसतं, ती सिस्टीम आम्ही बनवतो. माझं काम इम्प्लिमेंटेशनचं. म्हणजे एसीत बसून बनवलेली वस्तू कारखान्यात नेऊन चालवून दाखवायची, आणि नाही चालली तर शिव्या खायच्या.

वाधवा शेठ राहतात उल्हासनगरला, कारखाना आमच्या ऑफिसपासून चालत जाण्याइतका जवळ. पुठ्ठ्याच्या खोक्यांना लागणारा गम बनवतात. हा गम केटलमध्ये शिजतो. केटल म्हणजे झाकणबंद भलंमोठं भांडं. तापमान वेळेत उतरवलं नाही तर आतला गम रबरासारखा घट्ट होतो. मग माणसं आत उतरवून तो छिन्नीने फोडून काढावा लागतो. त्या दिवशी दोन नंबरच्या केटलमध्ये तेच झालं होतं.

आमच्या सिस्टीममध्ये तापमान चढायला लागलं की लॉगिन असलेल्या ऑपरेटरच्या मोबाइलवर इशारा जातो. त्यामुळे त्याला स्क्रीनसमोर बसून राहावं लागत नाही. त्या दिवशी लॉगिन म्हात्रेचं होतं. इशारा त्याच्याच मोबाइलवर गेला होता. त्याने काही केलं नाही, गम जळला. मला यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. मी पत्र टाइप केलं आणि सहीसाठी ताईंच्या केबिनमध्ये गेलो.

ताई म्हणजे विजया साळवे, आमच्या कंपनीच्या प्रमुख. त्याआधी एका बड्या आयटी कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट होत्या. तीन देशांत त्यांची माणसं काम करायची. मूळच्या अंबरनाथ पश्चिमच्या, वडील इथल्याच एका कारखान्यात फिटर होते. आईला एकटं राहणं जमेना, म्हणून त्या नोकरी सोडून परत आल्या आणि आमच्या मालकांनी त्यांना गळ घातली.

त्या येणार हे कळलं तेव्हा माझा चेहरा पडला होता. मोठ्या कंपन्यांतून निवृत्त झालेल्या साहेबलोकांच्या पोस्ट रोज सकाळी माझ्या मोबाइलवर येऊन पडतात. नेतृत्वाचे अमुक धडे, यशाची तमुक सूत्रं, खाली हात बांधून हसणारा फोटो. वाटलं, आता हे सगळं समोर बसून ऐकावं लागणार. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, “मला नुसतं विजया म्हणा. आमच्याकडे तशीच पद्धत होती.” आमच्या अकाउंट्सच्या काकांना ठसका लागला. आठवडाभर सगळे त्यांना काहीच न म्हणता काम भागवत होते. शेवटी ताईवर तडजोड झाली.

ताईंनी पत्र वाचलं. पेन उचललं नाही.

“म्हात्रेशी बोललास?”

“तो काय सांगणार ताई? म्हणतो मी तिथे नव्हतोच. पकडले गेले की सगळे तेच म्हणतात.”

“बोलावून घे.”

म्हात्रे बदलापूरच्या पुढच्या एका गावचा. आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला आल्यासारखा. खुर्ची दिली तरी टोकावर बसला.

“ताई, मी रिक्षात व्हतो,” तो म्हणाला. “तीनला आमची पाळी सुटते. मोबाइल वाजला, मी बघला. पण रिक्षातून मी करू काय? यादवला फोन लावला, तर आत मशीनच्या आवाजात त्याला ऐकू जात नाय.”

यादव म्हणजे दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर, म्हात्रेच्या जागी येणारा.

“मग निघताना लॉगआउट का नाही केलंस?” मी विचारलं.

“कसा करू साहेब? यादव यायच्या आधी लॉगआउट केला तर भोंगा वाजतो ना.”

“मग तो येईपर्यंत थांबायचं.”

“थांबलो तर रिक्षा जाते,” म्हात्रे म्हणाला, आणि मी असं विचारल्याचं त्याला मनापासून नवल वाटलेलं दिसलं.

तो गेल्यावर मी ताईंना भोंग्याचं समजावून सांगितलं. आमच्या सिस्टीममध्ये दोन अंगठ्यांचा नियम आहे. जाणारा ऑपरेटर आणि येणारा ऑपरेटर, दोघांनी कंट्रोल रूमच्या एकाच मशीनवर लागोपाठ अंगठा लावायचा. तरच चार्ज त्या क्षणी बदलतो. एकट्याने लॉगआउट केलं तर स्क्रीन लॉक होतो आणि मॅनेजरच्या खोलीत भोंगा वाजतो. पाळी सोडून कोणी पळू नये म्हणून. डेमोमध्ये हा नियम सगळ्यांना फार आवडतो.

“आणि रिक्षा गेली म्हणजे एवढं काय होतं?” मी पुढे म्हणालो. “दुसरी पकडायची.”

ताई माझ्याकडे वळल्या. “राणे, तू ती रिक्षा बघितलीयस?”

रिक्षात काय बघायचं असतं, असं मी मनात म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षाच्या रांगेत उभे होतो. माझी बाइक ऑफिसखाली होती, ताईंची गाडी होती, कारखाना हाकेच्या अंतरावर होता. आणि आम्ही उलटे स्टेशनला येऊन रांगेत! रिक्षावाल्याने ताईंकडे बघून विचारलं, “मॅडम, स्पेशल करू का?”

“नको. शेअरच,” ताई म्हणाल्या आणि मधल्या सीटवर सरकून बसल्या. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला नेमका यादव. मला ओळखून तो एवढा आक्रसला की रिक्षात चौथ्याला जागा झाली असती. ताईंनी त्याला गम जळल्याचं काही विचारलं नाही. आज जेवायला काय आणलंय, ते विचारलं. मग दोन नंबरची केटल नेहमी त्रास देते का, ते विचारलं. तेव्हा तो जरा सैल झाला.

गेटवर पहिल्या पाळीची माणसं वॉचमनच्या केबिनपाशी सावलीत आधीच उभी होती. आमच्या रिक्षावाल्याने इंजिन बंदसुद्धा केलं नाही. आम्ही उतरतोय तोवर दुसऱ्या बाजूने ती माणसं आत शिरत होती. म्हात्रेच्या जागी तात्पुरता लावलेला ऑपरेटर एक पाय रिक्षात ठेवून यादवला म्हणाला, “एक नंबर ठंडा है. दो में अभी पावडर डाला है, थोड़ी देर उसको छोड़ना मत.”

“ठीक है,” यादव म्हणाला. रिक्षा वळली आणि गेली.

तेवढ्यात चार्ज देऊन झाला होता.

येणाऱ्यांना घेऊन येते तीच रिक्षा जाणाऱ्यांना घेऊन जाते. ती सुटली की ऑफिसं सुटेपर्यंत त्या रस्त्याला दुसरी रिकामी रिक्षा फिरकत नाही. म्हणजे म्हात्रे आणि यादव एकाच वेळी भेटतात ते फक्त गेटवर. कंट्रोल रूममध्ये ते दोघे एकत्र असणं शक्यच नाही. आम्ही आत गेलो. स्क्रीनवर लॉगिन होतं रिक्षातून गेलेल्या माणसाचं. यादव त्याच्याच नावावर कामाला लागला; पाळी संपून तास उलटला की सिस्टीम जुनं नाव आपोआप उतरवते, तेव्हा कुठे तो आपला अंगठा लावणार होता. एकट्या म्हात्रेची ही चलाखी नव्हती. सिस्टीम लागल्यापासून प्रत्येक पाळीत, प्रत्येकाचं हेच चाललं होतं. आणि त्या तासातला प्रत्येक इशारा घरी निघालेल्या माणसाच्या खिशात वाजत होता.

मी त्या कारखान्यात कितीतरी वेळा आलो होतो, पण नेहमी शेठच्या वेळेला. तीन वाजता मी तिथे कधी उभा राहिलो नव्हतो.

“माझे वडील असेच चार्ज द्यायचे,” परत येताना ताई म्हणाल्या. “गेटवर. मी डबा घेऊन जायचे तेव्हा बघितलंय.”

ऑफिसात आल्यावर मी मुद्द्याचं बोललो. शेठचा बदलापूरला दुसरा कारखाना उभा राहतोय. त्याची ऑर्डर आम्हालाच मिळणार हे जवळपास ठरलेलं. आता आमची सिस्टीम चुकली असं लेखी दिलं तर ती गेलीच. “आणि ताई, पत्रात एक शब्द खोटा नाहीये.”

“नाहीये. पण ते वाचून माणसाची नोकरी जाईल, आणि त्याने काही केलेलं नाही. ते मी सही करून कशी देऊ?”

माझ्याकडे अजून एक हत्यार होतं. दोन अंगठ्यांचा हट्ट मुळात शेठचा होता. तसा त्यांचा ईमेल माझ्याकडे होता. ‘दो अंगूठा कंपल्सरी करो, कोई भागना नहीं चाहिए.’ मोबाइलवर तो उघडून ठेवूनच मी शेठच्या केबिनमध्ये बसलो.

ताईंनी प्रस्तावना केली नाही. “शेठ, चूक आमच्या सिस्टीमची आहे. म्हणजे माझी आहे. म्हात्रेची नाही.” मग रिक्षा, गेट, इशारा, सगळं साध्या शब्दांत सांगितलं.

शेठ लाल झाले. “मतलब म्हात्रे नव्हता, तर यादव होता! मग त्याला काढतो.”

“यादवला इशारा गेलाच नाही. तो एक नंबरच्या कामात होता. आमच्या सिस्टीमने इशारा पाठवला रिक्षात बसलेल्या माणसाला.”

“वाह! मी तुम्हाला कशासाठी घेतलं मग? माझा माल जळला तुमच्यामुळे, आणि तुम्ही मला इथे बसून सांगताय?”

“हो. म्हणून तर सांगायला आले. दुरुस्ती आम्ही आमच्या खर्चाने करू.”

मी मोबाइल वर उचलला. तोंड उघडणार, तेवढ्यात ताईंनी माझ्याकडे न बघता हात आडवा केला आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. इतक्या सहज, जणू चहाचा कप बाजूला सारतायत. मला भयंकर राग आला. आपलं नाणं खणखणीत असताना बाई शिव्या का खातायत?

शेठ बरंच बोलले. ताई ऐकत राहिल्या. मग शेठ थांबले, पाणी प्यायले, खिडकीतून गेटकडे बघत बसले. आणि आवाज खाली आणून म्हणाले, “दो अंगूठे का तो मैंने ही बोला था ना, राणे?”

मी ताईंकडे बघितलं. त्या त्यांच्या कपातला चहा ढवळत होत्या.

“हां शेठ. आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं,” मी म्हणालो. आयुष्यात इतकं शहाणं वाक्य मी दुसरं बोललो नसेन, आणि ते मी ताईंच्या चमच्याकडे बघून बोललो.

“म्हात्रेला उद्यापासून यायला सांगा,” शेठ म्हणाले. “आणि बदलापूरचं नंतर बघू. पहले ये ठीक करके दिखाओ.”

बाहेर आल्यावर मी उसळलो. “ताई, तो ईमेल दाखवला असता तर एका मिनिटात गप्प झाले असते!”

“झाले असते. आणि मग स्वतःला वाचवायला म्हात्रेलाच धरून बसले असते. चूक स्वतःहून कबूल करायला माणसाला जरा जागा लागते, राणे.”

“पण चूक तुमची कशी? तो नियम घातला तेव्हा तुम्ही या कंपनीत नव्हतातच!”

ताई हसल्या. “मग काय सांगू? हे आधीच्या लोकांनी केलं? सरकार बदललं की तसं बोलतात. मला इथे राहायचंय.”

मला त्या बाईंचा फार अभिमान वाटला. आमच्या धंद्यात यश दिसलं की नाव पुढे करणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्याच्या काळातली चूक आपल्या अंगावर घेऊन शांतपणे चहा ढवळणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. त्या सकाळच्या पोस्टमध्ये हा धडा कोणी लिहीत नाही. फोटोत तो दिसणार तरी कसा?

दुरुस्ती अगदीच साधी निघाली. अंगठ्याचं मशीन आम्ही कंट्रोल रूममधून काढलं आणि गेटवर, वॉचमनच्या केबिनच्या भिंतीला लावलं. माणसं जिथे चार्ज देतात तिथेच अंगठा. त्याच्याशेजारी लहानसा स्क्रीन, कोणाचं नाव गेलं आणि कोणाचं लागलं ते दाखवणारा. बदलापूरची ऑर्डर मिळाली, पण शेठनी ती चांगली लटकवून मग दिली, आणि शिव्या द्यायची संधी तोवर एकदाही सोडली नाही.

मशीन लागलं त्या दिवशी तीन वाजता आम्ही तिघे गेटवर होतो. ताई, मी आणि, न बोलावता आलेले, शेठ. म्हात्रे आतून आला. रिक्षा आली. यादव उतरला. दोघांनी अंगठे लावले. तरीही म्हात्रेने त्याला तोंडाने सांगितलंच, “दोन नंबरवर लक्ष ठेव.”

मग एक पाय रिक्षात ठेवून तो थांबला आणि मला म्हणाला, “साहेब, बघा ना जरा. गेला माझा नाव?”

मी स्क्रीन बघितला. “गेलं.”

“मग मी पण जातो,” म्हात्रे म्हणाला, आणि बसला.

तेव्हापासून आमच्या कंपनीत नवी सिस्टीम पास करण्याआधी मी एकच टेस्ट स्वतः उभं राहून घेतो. माणूस घरी गेला की त्याचं नावही घरी गेलं पाहिजे.