उतरायची बाजू

"कोनामुळं झालं ते नका सांगू. कसं झालं ते सांगा."

असं म्हणताना ती उजवा तळहात समोर धरायची, चौकातल्या पोलिसासारखा. तो हात खाली येईपर्यंत कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही, एवढं आमच्या गल्लीला कळलं होतं.

एकदा दूधवाल्याची मोटारसायकल आणि कोपऱ्यावरच्या शिक्षकांची स्कूटर एकमेकींवर आदळल्या. दूध रस्त्यावर, शिक्षक नालीच्या काठावर, आणि दोघांचीही भाषा एकमेकांच्या खानदानापर्यंत पोहोचलेली. ही घरातून आली. तळहात वर. दोघे गप्प.

"तुम्ही कुठून येऊन राहिले होते? अन् तुम्ही? मधात काय होतं?"

मध्ये एका घरासमोर रेतीचा ढीग होता. त्यामागून येणारा दिसत नव्हता. ज्यांची रेती होती ते गृहस्थ आतापर्यंत गर्दीत उभे राहून भांडणाची मजा घेत होते. ते हळूच आपल्या फाटकाकडे निघाले.

"पळू नका भाऊ," ती म्हणाली. "तुम्हाले कोनी काही म्हणून नाही राहिलं. फावडं आणा."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आग लागली की आधी दार कुठे आहे ते पाहणारी. ती विमानतळालगतच्या मिहान वसाहतीतल्या एका कंपनीत सुरक्षा विभागात होती. तिथे विमानांची दुरुस्ती होते. शिडीवरून कामगार घसरला, कुणाचं बोट यंत्रात गेलं, की ते कसं घडलं हे शोधणं तिचं काम. हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, तिला सगळे 'सेफ्टी मॅडम' म्हणत. वय चाळिशीच्या आसपास. घरी नवरा आणि सासूबाई. नवरा लकडगंजला एका लाकूड व्यापाऱ्याकडे कामाला. कमी बोलणारा माणूस. घरात काही वाद निघाला की त्याचं एकच वाक्य असे : "मी दोघींच्या मधात बोलत नाही."

वादाचं कारण बहुधा सायकल असे.

सायकल जाड टायरची, पुढच्या चाकाला धक्के पचवणारे दांडे असलेली, डोंगरात चालवतात ती. आमच्याकडे डोंगर नाही. पण लेआउटच्या शेवटी एका रिकाम्या प्लॉटवर मुरमाचा मोठा ढीग होता. रस्त्यासाठी टिप्पर तो टाकून गेले होते. रस्ता झाला नाही, मुरूम राहिला. पावसांनी तो दाबून दाबून घट्ट केला. तिने फावड्याने त्याला आकार दिला : एका बाजूने चढ, वर थोडा सपाट माथा, पलीकडे उतार. सकाळी ऑफिसची बस यायच्या आधी ती हेल्मेट, गुडघ्याची आणि कोपराची कवचं चढवून तिथे जायची. चढावरून वेगात वर, क्षणभर हवेत, आणि पलीकडच्या उतारावर खाली.

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवरून निवृत्त झालेला माणूस. सकाळी फिरायला जातो. त्यामुळे हे मी पुष्कळदा पाहिलं. सासूबाईंनी एकदाही पाहिलं नव्हतं. त्या फाटकातच उभ्या राहत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकवत, "सुनेले पगार विमान दुरुस्त करायचा भेटते, भाऊ. हे सोताच विमान व्हून राहिली."

ती पडली तो दिवस नवरात्रातला. उडी नेहमीसारखीच होती. पण खाली येताना पुढचं चाक उतारावर टेकलं आणि तिथेच अडकलं. ती हँडलवरून पुढे फेकली गेली, उजव्या खांद्यावर आपटली आणि मुरमात घसरत गेली. मी पोहोचलो तेव्हा ती उठून बसली होती. हेल्मेटला तडा गेला होता. डोकं शाबूत होतं. तिने पहिला प्रश्न मला विचारला, "काका, पुढचं चाक कुठं टेकलं, पाहिलं का?"

कॉलरबोन मोडलं होतं. हात गळ्यात आला. गल्लीला बोलायला विषय मिळाला. "सेफ्टीवालीच पडली!" रेतीवाले गृहस्थ तर खास भेटायला आले आणि म्हणाले, "फावडं आणू का, मॅडम?" ती मनापासून हसली. हसताना खांदा दुखला म्हणून थांबली.

हात गळ्यात असतानाच ती एका सकाळी ढिगाकडे गेली. मला बरोबर घेतलं. उताराच्या मधोमध कुणीतरी फावड्याने मुरूम काढून नेला होता. टोपलंभर नव्हे, चांगला हातगाडीभर. वरून पाहिलं तर कळत नव्हतं, कारण चढाच्या बाजूने येणाऱ्याला उतार दिसतच नाही. पुढचं चाक त्या खोलगट जागेत उतरलं होतं.

"रोज पहिले इकडून चक्कर मारून पाहायचं असते," ती म्हणाली. "त्या दिवशी बस चुकन म्हणून मी पाहिलं नाही. झालं ते असं झालं."

त्या ढिगात कुठल्याशा पाडलेल्या स्नानघराच्या निळ्या फरशीचे तुकडे मिसळलेले होते. परत येताना ती स्वतःच्या फाटकासमोर थांबली. तिथे पावसाळ्यात एक खड्डा पडला होता. सायकल बाहेर काढताना रोज धक्का बसायचा. आता तो भरलेला होता. लाल मुरूम, आणि त्यात निळे तुकडे.

तिने चपलेच्या टोकाने एक तुकडा उकरला.

"आईनं भरून घेतला," ती हळू आवाजात म्हणाली. सासूबाईंना ती आईच म्हणायची. "मले म्हणाल्या होत्या, तुही सायकल आदळते, गड्डा बुजवून घेते. हातगाडीवाल्याले सांगतलं असन. त्यानं जवळून आणला." मग माझ्याकडे वळून, "काका, हे कोनाले सांगू नका. आईले तर बिलकुल नाही."

मी सांगितलं नाही. बातमी हाताशी असताना न सांगण्याची मला सवय नव्हती, तरी नाही सांगितलं.

हाड जुळलं. डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली. ती पुन्हा ढिगाकडे जाऊ लागली. उतार तिने अजून भरला नव्हता. तिचं म्हणणं, उडीला अजून वेळ आहे. आधी सपाट जमिनीवर. तिने चुन्याच्या फक्कीने एक रेघ मारली आणि ती चाकाने न पुसता ओलांडायला सुरुवात केली. दोन्ही पायडल एका पातळीत, गुडघे आणि कोपरं सैल, अंग खाली दाबायचं आणि सोडायचं, की सायकल आपोआप उचलली जाते. रेघेच्या जागी मग सिमेंटची रिकामी पोती गुंडाळून ठेवली. पुढे वीतभर उंचीचा मातीचा लहान ढीग. दोन्ही चाकं एकदम टेकली पाहिजेत. नजर चाकाकडे नाही, जिथे जायचं तिथे. ब्रेकला हवेत हात लावायचा नाही. हे ती स्वतःशीच मोठ्याने म्हणायची, कामगारांना शिकवताना म्हणत असेल तसं.

हे सगळं जमलं. मोठा ढीग मात्र जमेना. उडी नाही, नुसतं चढून माथ्यावर थांबायचं होतं, तेही नाही.

ती लांबून वेग घ्यायची, चढाच्या पायथ्याशी यायची आणि वळून जायची. रोज. विचारलं तर म्हणायची, "खांदा दुखून राहिला." गल्लीने ते मान्य केलं. मीही केलं असतं. पण एका दुपारी मी तिला भरलेलं गॅस सिलिंडर त्याच हाताने ओढून आत नेताना पाहिलं. तिनेही मला पाहताना पाहिलं.

"बरं, खांदा दुखून नाही राहिला," ती म्हणाली. "भीती वाटून राहिली. कारण मालूम आहे, तरी वाटून राहिली. आमच्या ट्रेनिंगमध्ये मी सांगतो लोकांले, कारण सापडलं की भीती जाते." सिलिंडर टेकवून म्हणाली, "खोटं सांगतो मी."

प्रश्न आता एवढाच होता. त्या ढिगावरून ती पुन्हा उडी मारणार, की सायकल विकून टाकणार? प्लॉटच्या मालकाने होळीनंतर बांधकाम काढायचं ठरवलं होतं. म्हणजे ढीगही फार दिवसांचा नव्हता. आपोआप संपेल म्हणून वाट पाहत बसणं सोपं होतं. तिला ते नको होतं, आणि चढही चढवत नव्हता.

अशात एक दिवस सासूबाई पहिल्यांदाच प्लॉटवर आल्या. उमरेडच्या विणकर घरातली बाई. माहेरी हातमाग होता. लग्नाआधी आणि नंतरही सुताच्या कांड्या भरलेल्या, माग चालवलेला. सून चढापर्यंत जाते आणि वळते, हे त्यांनी पाहिलं.

"काहून वं, रोज तुटल्या जागीच जाऊन उभी राहून राहिली?" त्या ओरडल्या. "धागा तुटला तर चार धागे मागं उसवा लागते. अलीकडून घे."

"आई, हे लुगडं नाही!"

"लुगडं असतं तर बरं होतं. तुटलं तरी कोकललं नसतं."

बोलत बोलत त्या ढिगाला वळसा घालून पलीकडे गेल्या. तिथे त्यांचं बोलणं थांबलं. मी पाहिलं, त्या वाकून काहीतरी उचलत होत्या. फरशीचा निळा तुकडा. तो त्यांनी हातात उलटा-सुलटा केला, उतारातली खोलगट जागा पाहिली आणि कुणाशी न बोलता घरी निघून गेल्या.

दुसऱ्या सकाळी फाटकासमोरचा खड्डा उघडा पडला होता. सासूबाई बादलीने मुरूम वाहत होत्या. पदर खोचलेला, पाय लाल. उताराची खोलगट जागा जवळजवळ भरत आली होती. सून सायकल घेऊन बाहेर आली ती तशीच धावत प्लॉटवर गेली.

"आई, काय करून राहिल्या हे?"

"जिथलं तिथं ठेवून राहिली."

"तुमच्यामुळं नाही झालं ते. मी उतार पाहिला नव्हता."

"म्या विचारलं का कोनामुळं?" सासूबाईंनी बादली खाली ठेवली. "तुले मालूम होतं. होतं ना? मंग मले काहून नाही सांगतलं?"

तिने बादली उचलायला हात पुढे केला. सासूबाईंनी तो बाजूला सारला.

"म्या पोथीसारखं रोज तुह्या नावानं ओरडून राहिली, सायकल सोड, सायकल सोड. अन् तू ऐकून घेऊन राहिली. एक दिवस तरी म्हणायचं, बुढे, तूच पाडलं मले."

"पाडलं नाही तुम्ही. धक्का बसू नये म्हणून गड्डा बुजवला."

सासूबाई खाली बसल्या. रडल्या नाहीत. बराच वेळ तळहाताला लागलेला मुरूम चोळून काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता जाय. कर एकदाचं. मी उभी राहतो इथं."

तुम्हाला वाटेल, ती लगेच गेली असेल. ती म्हणाली, "आज नाही. हे कच्चं आहे." त्या दिवशी तिने उतारावर पाणी मारलं, सुकू दिलं, पुन्हा मारलं. सासूबाईंनी तो पायांनी तुडवला. लाकडी ठोकणीने दोघींनी आळीपाळीने ठोकला. नवरा कामावर निघताना तिथे थांबला, दोघींकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटून पुढे गेला. त्यानंतर काही सकाळी ती ढिगावरून फक्त चालवत गेली. हळू वर, माथ्यावरून, हळू खाली, चाक जमिनीला धरूनच. उतार कुठेही खचला नाही.

मला तेव्हा लक्षात आलं की तिची अडचण वाढली होती. आधी ती पडली असती तर खांदा तिचा होता. आता ती त्या उतारावर पडली तर सासूबाई जन्मभर ते स्वतःच्या हातांनी केलं असं मानणार होत्या. हे ती बोलली नाही. पण नवं हेल्मेट आणलं होतं, त्याचा पट्टा ती दोनदा तपासायची.

आता ते घर भाड्याने दिलेलं आहे. कंपनीने तिला दुसऱ्या शहरात पाठवलं, सासूबाईही बरोबर गेल्या. नवऱ्याने तिकडेच काम शोधलं. रिकाम्या प्लॉटवर दुमजली घर उभं आहे. गल्लीत धडक झाली की पूर्वीसारखीच भांडणं होतात आणि मध्ये काय होतं ते कुणी विचारत नाही. तिची आठवण काढली की लोक पडण्याचीच गोष्ट सांगतात. मी पाहिलं ते वेगळं, म्हणून लिहून ठेवतो आहे.

होळीच्या अलीकडची सकाळ होती. ऊन नुकतंच आलेलं. तिने आधी उताराला वळसा घातला, उतरून हाताने दाबून पाहिला. सासूबाई बाजूला माझ्याजवळ उभ्या होत्या. ती लांब गेली, वळली आणि निघाली. या वेळी चढाच्या पायथ्याशी हँडल वळलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर सासूबाईंनी माझा दंड पकडला. बोटं रुतली. मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे घट्ट मिटलेले होते, ओठ हलत होते.

सायकल माथ्यावरून सुटली. फार उंच नाही. ती हवेत होती तेवढा वेळ टायरचा आवाज बंद झाला. मग तो पुन्हा आला, उतारावर, एकच बारीक धप्प, आणि सायकल सरळ पुढे निघून गेली.

"पोचली का, भाऊ?" सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"पोहोचली."

त्यांनी माझा दंड सोडला. पलीकडच्या टोकाला ती एक पाय टेकून थांबली होती. हेल्मेटची पट्टी काढून ती तिथूनच ओरडली, "आई! पाहिलं का?"

"पाहिलं वं, पाहिलं!"

"मंग सांगा, पहिले कोनतं चाक टेकलं?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं, दोन पावलं पुढे झाल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "पुन्हा ये!"

ती वळून पहिल्या जागी गेली. सासूबाईंनी या वेळी डोळे उघडे ठेवले.