पिकअपखालची दुपार

होटगी रोडवरून टॉवेलचे गठ्ठे घेऊन येत होते, तेव्हा पिकअपचा क्लच गेला. मोडल्याचा आवाज नाही, धक्का नाही. सिग्नलला पाय ठेवला आणि पेडल हळूच खाली गेलं, ते वर आलंच नाही. चपलेच्या टोकानं उचकटून वर काढलं, पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच. मागून हॉर्न सुरू झाले. शेवटी गाडी बंद केली, पहिला गिअर टाकून तशीच चावी मारली. ती हिसके देत निघाली आणि पूर्व भागातल्या आमच्या गल्लीपर्यंत मी त्याच गिअरवर, कुठंही न थांबता, माणसांना हातानं बाजूला सारत आले.

गाडी वडिलांची, नानांची. ते गेले तेव्हा सगळे म्हणाले, विकून टाक. मी विकली नाही. कारखान्यांतून टॉवेल उचलायचे, नव्या पेठेतल्या दुकानांत पोचवायचे, हे त्यांचं काम मी चालू ठेवलं. घरात मी आणि माझी आई, अम्मा, दोघीच. अम्माला दोन वर्षांपासून विसर पडायला लागला होता. कधी मला ओळखायची, कधी मी तिची धाकटी बहीण असायचे.

फोन केल्यावर चाचा रिक्षानं आले. वडिलांच्या वेळेपासून ह्या गाडीला हात लावलेले मिस्त्री ते एकच. गॅरेज बंद करून त्यांना बरेच दिवस झाले होते आणि डावा गुडघा बदललेला होता. बॉनेट उघडून त्यांनी तेलाची छोटी डबी बघितली. रिकामी. मग मला खाली वाकून गिअरबॉक्सजवळ बघायला सांगितलं.

"ओलं हाय का तितं?"

"ओलं आहे चाचा. थेंब लटकतोय."

"मग खालच्या सिलिंडरचं रबर गेलं. तेल बाहेर, हवा आत. हवा शिरली की पेडल असंच बसतंय." ते भिंतीच्या सावलीत उलट्या बादलीवर बसले. "माझ्यानं खाली झोपणं व्हत न्हाई बेटा. मी सांगतो, तू कर."

दुपारचा दीड वाजला असेल. सुट्टीचा वार होता, गल्लीतले यंत्रमाग बंद होते. एरवी दिवसभर त्यांची खटखट इतकी असते की ती थांबली की कान भरून आल्यासारखे वाटतात. चाकांना दगड लावले, गोणपाट अंथरलं आणि उताणी होऊन मी गाडीखाली सरकले.

खाली वेगळंच जग होतं. गारवा, तेलाचा आणि मातीचा वास, आणि चहूबाजूंनी पांढरं ऊन. त्या उन्हात चाचांच्या वहाणा दिसत होत्या, पलीकडे एक कुत्रं झोपलेलं. डोक्यावर चेसिस, पाइप, वर्षानुवर्षांची चिकट धूळ. ह्या गाडीत मी किती वेळा बसले असेन, पण तिचं पोट कधी बघितलं नव्हतं. चाचा सांगत गेले आणि मी पाना फिरवत गेले. दोन बोल्ट, मग मुठीएवढा सिलिंडर हातात आला. त्यातून अंगठ्याएवढं रबर निघालं, कडेला चिरलेलं. फडक्यानं आतून पुसून, फोनवर लक्षण ऐकूनच चाचांनी बरोबर आणलेलं नवं रबर तेलात बुडवून बसवलं, सिलिंडर परत जागेवर लावला. बोटं माझी चालत होती, पण मला सगळं सावकाश, पाण्याखाली घडल्यासारखं वाटत होतं. मध्येच डोळा लागेल की काय, असंही वाटलं.

"आता हवा काढायची," चाचा म्हणाले. त्यांनी वरच्या डबीत नवं तेल ओतलं. "एकानं पेडल दाबायचं, एकानं खाली सिलिंडरचं हवेचं निप्पल ढिलं करायचं. पण दाबणार कोण? ह्या गुडघ्यानं क्लच दाबायचा न्हाई म्हणून डॉक्टरनं बजावलंय."

तेवढ्यात माझ्या डोक्यावरचा पत्रा वाजला. गाडी हलकेच झुकली. कोणीतरी आत बसलं होतं.

"अम्मा आल्या की," चाचा म्हणाले. "ड्रायव्हरच्या जागंवर बसल्यात."

गाडीत हवा खेळावी म्हणून मी दारं उघडी टाकली होती. घरातून उठून, बाहेर येऊन, पायरीवर चढून ती कधी आत बसली, कळलं नाही. मी सरकून बाहेर येणार, तोच चाचांनी हात केला. "ऱ्हाऊ दे. अम्मा, पेडल दाबा जरा. डावा पाय."

काही झालं नाही. मग मी खालूनच ओरडले, आमच्या घरच्या तेलुगूत, "तोक्कु अम्मा, तोक्कु!" म्हणजे पायानं दाब.

वर पेडल दाबलं गेलं. खालचा दांडा माझ्या डोळ्यांसमोर जरासा सरकला. मग पेडल सुटलं, परत गेलं, परत सुटलं. घाई नाही, चूक नाही, एकसारखं. चार-पाच वेळा झाल्यावर मी सांगितलं, धर. तिनं धरलं. मी निप्पल ढिलं केलं. त्याला लावलेल्या नळीतून तेल आणि बुडबुडे फसफसत खालच्या बाटलीत आले. आवळलं. "सोड अम्मा." सुटलं.

"बेटा," चाचा हसत होते, "अम्मा ब्रेकबी दाबतायत. एकदा ह्यो, एकदा त्यो. मागचा लाल दिवा लागतोय बघ."

मी तिथंच निजून राहिले. एकदा डावा, एकदा उजवा. लहानपणी आमच्या पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग होता. अम्मा खड्ड्यात पाय सोडून बसायची, हातानं धागे ठोकायची फणी ओढायची आणि खाली दोन पावड्या आळीपाळीनं दाबत राहायची. दुपारी शाळेतून आले की मी खड्ड्याच्या काठाशी पालथी पडून तिचे पाय बघायचे. खाली अंधार असायचा आणि त्यात ते दोन पाय, जोडवी चमकायची. बघता बघता मला तिथंच झोप लागायची. आता ते पाय माझ्या वर होते, पत्र्याच्या पलीकडे, आणि मी खड्ड्यात. ऊन, तेल, बुडबुडे, सगळं एकमेकांत मिसळून गेलं. तोक्कु, धर, सोड. किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. बुडबुडे कमी झाले, बारीक झाले, मग निव्वळ तेल यायला लागलं.

"चालु," वरून अम्मा म्हणाली.

"अजून कुटं चालू अम्मा?" चाचा म्हणाले. "डबीत तेल भरतो, मग चावी मारू."

मला खाली हसू फुटलं. "चाचा, तेलुगूत चालु म्हणजे पुरे. ती दमली."

बाहेर आले तेव्हा उन्हानं डोळे दिपले. अम्मा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होती. मी दाराशी उभी राहून तिला पाणी दिलं. ते न पिताच ती सांगायला लागली, इतकं नीट की गेल्या कित्येक महिन्यांत ती तसं बोलली नव्हती.

"ह्याच गाडीतनं माझा माग गेला."

माग गेला तेव्हा मी कॉलेजात होते. संध्याकाळी घरी आले तर खड्ड्यात मुरूम टाकून झाला होता. अम्मा म्हणाली होती, बरं झालं, पाय दुखायचे. एवढंच मला ठाऊक होतं.

"गाडी नवीनच आणली होती त्यांनी," ती म्हणाली. "नवीन म्हणजे कुणाची तरी जुनी. पहिला माल माझा माग. लाकडं सगळी मागं भरली. ते म्हणाले, पुढं बस. मी न्हाई बसले. मागंच बसले, लाकडांत. मागाची फणी तेवढी मांडीवर घेतली होती."

"लाकडाच्या वखारीपर्यंत गेलीस?"

"गेले की. सगळं उतरवलं. फणी मी दिली न्हाई."

"नाना काही म्हणाले?"

"काय म्हणतील? येताना गाडी हळू चालवली त्यांनी. लई हळू."

चाचांनी रुमालानं तोंड पुसलं आणि उगाच बॉनेटकडे बघत राहिले.

मग चावी मारली. क्लच दाबला तर पायाखाली तो घट्ट लागला, गिअर आवाज न करता पडला. अम्माला मध्ये बसवलं, चाचा कडेला. होटगीच्या दिशेनं थोडं पुढं जाऊन आलो. कापलेल्या ज्वारीची रानं लागली, रिकामी, पिवळी. अम्मानं विचारलं, हे कुठलं गाव? मी सांगितलं. छान आहे, ती म्हणाली.

परतताना मी तिला हळूच विचारलं, "अम्मा, तेव्हा राग आला होता का तुला?"

"कुणाचा?" तिनं माझ्याकडे बघितलं. तोंडावर नुसतं कुतूहल. ती गोष्ट तिच्यातून परत निघून गेली होती.

चाचांना घरी सोडलं. उतरताना ते म्हणाले, "दोन दिस डबीवर नजर ठेव. तेल उतरलं तर सांग." अम्माच्या डोक्यावरून हात फिरवावा तसा त्यांनी हवेतच हात फिरवला आणि लंगडत आत गेले.

संध्याकाळी तिला भात भरवून निजवल्यावर मी माळ्यावर चढले. जुने पत्र्याचे डबे, सुताच्या कांड्या, माझ्या शाळेची वह्या-पुस्तकं, वडिलांचा फाटका रेनकोट. सगळं एकेक करून खाली उतरवलं. फणी कुठं नव्हती. कदाचित तिनं ती वखारीत दिलीच असेल. कदाचित पुढं कधी बाहेर टाकून दिली असेल आणि आज तेवढं विसरली असेल. तरी माझा विश्वास बसला तो दुपारच्या तिच्या बोलण्यावरच. मी हातपाय धुतले, पण नखांतलं काळं निघालं नाही. तसंच तिच्या शेजारी जाऊन आडवी झाले.