सुमिलाहच्या पाठीवरचा बधिर डाग

तुबानच्या बाजारात पाठीवर ओझी वाहणाऱ्या बायकांमध्ये सुमिलाह सगळ्यांत जुनी. पाठीवरची कोबीची टोपली जाड कापडाने आवळायची, छातीवर गाठ मारायची आणि वाकून चालू लागायचं. बावीस वर्षांत तिचा कणा एका अंगाला कलला होता.

दुपारी बाजार ओसरला की मैत्रीण तुकीनेम तिच्या पाठीला तेल लावून नाण्याच्या कडेने खरवडायची. लाल वळ उठले की अंगात शिरलेला वारा निघाला म्हणायचं. सुमिलाह तोवर शिव्या घालायची.

"पाठ आहे गं माझी, काकडी नाही सोलायला!"

एक दिवस डाव्या खांद्याच्या पात्याखाली नाणं फिरत होतं आणि सुमिलाह गप्प होती.

"दुखत नाही का, म्बाक?" तुकीनेम तिला थोरल्या बहिणीसारखी म्बाक म्हणायची.

"आधी सुरू तर कर!"

तुकीनेमचा हात थांबला. तिथे एक फिकट डाग होता. तिने करकचून चिमटा काढला. सुमिलाहला पत्ताही नाही.

दोघींच्या मनात एकच रोग आला. सुमिलाहच्या चुलत्याला तो झाला तेव्हा गावाने त्याला नदीपलीकडे ठेवलं होतं.

"कुणाजवळ बोललीस तर बघ," सुमिलाह म्हणाली. "माझ्या पाठीवर कोण देईल मग भाजी?"

"डॉक्टरला तरी दाखव."

"तिथे रांगेत अर्धा बाजार असतो."

तिने पाठ खरवडून घेणं सोडलं. उकाड्यातही जाड पोलकं घालू लागली. टोपली चढवताना कुणाचा हात पाठीला लागला की ती झटकन बाजूला सरकायची. घरी सुनेसमोर ती भिंतीला टेकूनच बसायची.

तीन महिन्यांनी टोपलीची बांबूची काडी तुटून तिच्या पाठीत घुसली. तिला कळलंच नाही. पोलकं रक्ताने भिजलं, तेव्हा कांदेवाली ओरडली. तुकीनेमने पटकन आपली ओढणी तिच्यावर टाकली आणि तिला बसमध्ये घालून थेट दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नेलं.

"कुष्ठच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सहा महिने गोळ्या घ्या. औषध सुरू झालं की कुणाला लागण होत नाही."

"हे बाजाराला कोण सांगणार, बाई?"

त्यांनी गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात ठेवलं.

सुमिलाहने एकही गोळी चुकवली नाही. डाग पुसट झाला, डॉक्टरीणबाईंनी ती बरी झाल्याचं सांगितलं. त्या दिवशीही ती कोबी वाहायला गेली. घामाने पोलकं पाठीला चिकटलं होतं. बाकीच्या बायका हौदावर पाठी उघड्या टाकून एकमेकींवर पाणी ओतत होत्या.

"ये की गं!" कुणीतरी हाक मारली.

"सर्दी झालीय," ती म्हणाली आणि गाठ आणखी आवळली.