गर्किनला पोळ्याची सुट्टी नसते

"ये गर्किन है या हनुमान की गदा?"

मॅनेजर साहेब ओरडत होते. आम्ही बोथजवळच्या एका गावात, कलेक्शन शेडमध्ये उभे होतो, पण आवाज थेट लांबच्या मावला गावापर्यंत गेला असणार. तिथली कबुतरं उडाली ती अजून परतली नाहीत म्हणतात.

साहेब हैदराबादचे. त्यांच्या हातात आमचीच काकडी होती आणि मी कंपनीचा त्या गावातला फील्ड ऑफिसर. गर्किन म्हणजे करंगळीएवढी काकडी. मिठाच्या आणि व्हिनेगरच्या पाण्यात मुरवून बोटीने परदेशात जाते, तिकडे बर्गरमध्ये घालतात. इथला सगळा कारभार उलटा असतो. किलोत जितके नग जास्त, तितका ग्रेड वरचा. म्हणून दिवसातून दोनदा तोडणी. एक दिवस चुकला की करंगळीचा अंगठा होतो. दोन दिवस चुकले की जे होतं, ते साहेबांच्या हातात होतं.

आमचे दोन चुकले होते. पोळा, आणि दुसऱ्या दिवशी पोरांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा.

"काम बंद किसने किया?"

शेवंतामावशी पुढे आली. तोडणीच्या वीस बायांची ती मुकादम. "बैलाले सुट्टी, अन् आमी राबावं का?"

मी त्याचं हिंदी केलं, वाटेत भरपूर तूप लावून. तरी साहेब म्हणाले, "अगले सीझन से सेंटर बंद."

 कापूस वेचणीला येईपर्यंत त्या वीस बायांना दुसरं काम नव्हतं.

मावशीने साहेबांच्या हातातली गदा काढून घेतली. विळीवर बसून चिरली. मीठ, तिखट, कुटलेली मोहरी, वरून कच्चं तेल. ज्वारीच्या भाकरीवर घालून साहेबांपुढे धरली.

साहेबांनी एक घास घेतला आणि चष्मा काढला. "दोसकाय," ते काकडीचं तेलुगू नाव पुटपुटले. "अम्मा ऐसाच बनाती थी." तीन भाकरी खाल्ल्या. खरं तर अकरा, पण माझं प्रमोशन त्यांच्या हातात आहे, म्हणून तीन लिहितो.

मावशीने त्यांचं ताट उचललं. "सायेब, पोळा का चोरून येते? आदल्या दिशी सांगा, बारकंसारकं सारं तोडून देतो. येलावर फूल सुदिक ठेवत नाही. मंग दोन दिवस वाढाले हाय काय?"

बारकं म्हणजे सगळ्यात वरचा ग्रेड. साहेबांनी बोटं चाटणं थांबवलं. "तो ये पहले क्यों नहीं किया?"

सगळं शेड माझ्याकडे बघू लागलं. मी पत्र्याकडे.

सेंटर राहिलं. कंपनीच्या कॅलेंडरवर आता पोळ्याच्या आदल्या दिवसाला लाल गोल असतो. उरलेल्या गदा बैलांनी खाल्ल्या. एक्स्पोर्टचा माल खाऊन ते असे माजले की आठवडाभर साध्या कडब्याकडे बघेनात. मी कॉलेजात चार वर्षं काकडीचे रोग पाठ केले. तोडणारीला सण कधी आहे ते विचारावं, एवढं मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

साहेबांची गाडी गेल्यावर मी मावशीला गाठलं. "मावशी, हे मले आदल्या दिशी काऊन नाही सांगतलं? मी तर तुह्याच घरी होतो."

"तू जेवून राह्यला होता," ती म्हणाली.