‘बघते’ म्हणजे होकार नव्हे

माझी पत्नी वैमानिक आहे. नाशिकहून शेजारच्या राज्यांतल्या शहरांत पंख्यांची छोटी विमानं नेणाऱ्या एका कंपनीत ती सहवैमानिक म्हणून काम करते. मी वर्तमानपत्रात आहे. त्यामुळे तिच्या कंपनीतला पगाराचा वाद आमच्या जेवणाच्या टेबलावर होता, माझ्या पानावर नव्हता. घरातली बातमी दुसऱ्यानं लिहावी, असं मी संपादकांना सांगून ठेवलं होतं.

वाद समजायला सोपा होता. वैमानिकाला पैसे मिळतात ते उड्डाणाच्या तासांचे. विमान जागेवरून हललं की तास सुरू, परत जागेवर थांबलं की बंद. गणवेश चढवून ओझरच्या विमानतळावर अर्धा दिवस बसलं आणि धुकं किंवा बिघाड म्हणून विमान निघालंच नाही, तर त्या बसण्याचे तास धरत नाहीत. म्हणून करारात ‘गॅरंटी’ असते. उड्डाणं कितीही कमी झाली, तरी महिन्याला ठरावीक तासांचा पगार मिळतोच. नव्या करारातून कंपनी ही गॅरंटी काढणार होती.

पत्नीचा आक्षेप फक्त पैशांचा नव्हता. “गॅरंटी गेली की धुक्यात निघायचं की थांबायचं हे ठरवताना घराचा हप्ता कॉकपिटमध्ये येऊन बसतो,” ती म्हणायची. “तिथं दोघांपुरतीच जागा आहे.”

कंपनीचे ऑपरेशन्सप्रमुख नाशिकला आले आणि त्यांनी तिला एकटीला महामार्गावरच्या एका हॉटेलात चहाला बोलावलं. गृहस्थ इंदूरचे मराठी. घरात मराठी, बाकी सगळं हिंदीत. आपल्या मराठीचा त्यांना अभिमान होता. त्यांनी थेट मांडलं: नव्या करारावर तुम्ही आधी सही केलीत, तर कॅप्टनच्या प्रशिक्षणाच्या पुढच्या तुकडीत तुमचं नाव येईल.

कॅप्टन होणं म्हणजे उजव्या खुर्चीतून डाव्या खुर्चीत जाणं आणि खांद्यावर चौथी पट्टी लागणं. त्यासाठी लागणारे तिचे उड्डाणाचे तास केव्हाच पूर्ण झाले होते. तुकड्या पुढे ढकलल्या जात होत्या. ती त्या खुर्चीसाठी तयार होती आणि हे तिला ठाऊक होतं.

“मग मी पक्कं धरू?” त्यांनी विचारलं.

“बघते मी, सर,” असं म्हणून ती उठली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी वैमानिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा संदेश आला. नाशिकच्या ज्येष्ठ सहवैमानिक नव्या कराराला राजी आहेत, इतरांनीही विचार करावा. पाठोपाठ तिच्यासोबत नेहमी उडणाऱ्या एका कॅप्टनचा फोन आला. तिनं तो स्पीकरवर घेतला.

“काय मॅडम, चौथी पट्टी शिवायला टाकली म्हणे?”

“सर, काहीतरी गडबड झालीय.”

“गडबड कसली? पेढे द्या. आमच्या गॅरंटीचं तेरावं आणि तुमचे पेढे एकाच दिवशी उरकू.”

त्यांनी फोन ठेवला. ती माझ्याकडे वळली. “मी हो म्हटलंच नाही रे. बघते म्हटलं.”

आमच्या कार्यालयात या शब्दाचा अर्थ पक्का आहे. अधिकारी ‘बघतो’ म्हणाला, की आम्ही ‘निर्णय नाही’ असं लिहितो. नाशिकच्या कुठल्याही घरात लग्नाचं स्थळ, उसनी शिडी किंवा सोसायटीचं सचिवपद नाकारायची हीच सभ्य रीत आहे. हिंदीत मात्र जबाबदार माणूस ‘देख लेता हूँ’ म्हणाला, की ते काम त्यानं अंगावर घेतलं. साहेबांनी मराठी शब्द ऐकला आणि अर्थ हिंदीतला लावला.

तिनं त्यांना फोन केला.

“सर, मी होकार दिलेला नाही.”

“अहो, तुम्हीच म्हणालात ना, बघते म्हणून?”

“बघते म्हणजे विचार करते.”

“आमच्याकडे बघते म्हणजे झालं काम!”

“आमच्याकडे काम टाळायचं असलं की म्हणतात, सर.”

ते मोकळेपणानं हसले. मग त्यांचा आवाज खाली आला. “मॅडम, मी वर सांगून बसलोय. तुकडीच्या यादीत तुमचं नाव टाकलंय. आता राहू द्या की. कोण विचारतंय?”

“गॅरंटी राहते का?”

“ती गोष्ट वेगळी.”

“मग नाव काढा.”

फोन बंद झाल्यावर तिनं ग्रुपवर एकच वाक्य टाकलं: मी गॅरंटीशिवायच्या करारावर सही करणार नाही. गैरसमज कसा झाला, कोणाची चूक, यातलं काहीही लिहिलं नाही. मी दोन ओळी सुचवल्या होत्या. त्या तिनं घेतल्या नाहीत आणि तिचं बरोबर होतं.

त्यानंतर वैमानिकांची बैठक झाली, तीत काहींनी एकाच दिवशी आजारी पडायचा तोडगा काढला. तिनं विरोध केला. वैमानिकाचा परवाना त्याच्या तब्येतीच्या दाखल्यावर चालतो, त्याबाबत खोटं बोलायचं नाही. त्याऐवजी तिनं सुचवलं, की सुट्टीच्या दिवशी कंपनीचा फोन घ्यायचा नाही. सुट्टी करारातच आहे. पण कंपनीचं वेळापत्रक चालायचं ते “जरा ॲडजस्ट करा ना” म्हणत सुट्टीवरच्या माणसाला बोलावून. माणसं ॲडजस्ट करेनात, तेव्हा विमानं जागेवर राहिली. कंपनीनं तांत्रिक कारण कळवलं. बातमी माझ्या सहकाऱ्यानं केली आणि त्यात वैमानिकांची बाजूही आली.

कंपनी बोलणी करायला बसली. गॅरंटी राहिली. तिच्यातले तास थोडे कमी झाले, पण विमानतळावरच्या खोळंब्याचे काही पैसे मिळू लागले. टोमणे मारणाऱ्या कॅप्टननी पुढच्या उड्डाणाआधी तिच्यासाठी चहा आणून ठेवला. पट्टीचा विषय त्यांनी काढला नाही.

कॅप्टनच्या प्रशिक्षणाची यादी लागली तेव्हा तिचं नाव त्यात नव्हतं. तिच्यानंतर रुजू झालेल्या, सटाण्याच्या एका सहवैमानिकाचं होतं. सही त्यानंही केली नव्हती. रविवारी तो अवघडून आमच्या दारात उभा राहिला.

“ताई, हे तुमचं होतं.”

“पुढच्या तुकडीत मी आहेच. त्यांचं माझ्याशिवाय भागायचं नाही,” ती म्हणाली. “आत ये. धावपट्टी सोडली आणि डावं इंजिन बंद पडलं. पहिलं काय करशील?”

त्यानं उत्तर दिलं. ते चुकीचं होतं. तिनं समोरची खुर्ची ओढली, त्याला डाव्या बाजूला बसवलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.