तांडेलाच्या अंगणातली सयामी पपई

मी सयामला जाऊन आलो, हे आमच्या गावात कुणालाच खरं वाटत नव्हतं. दोष सयामचा नव्हता, थोडासा माझा होता. आगबोटीवर भंडारी म्हणून, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी म्हणून, चार वर्षं काढून तीस-एकतीस सालाच्या सुमाराला मी घरी आलो आणि पहिल्याच आठवड्यात सांगून बसलो, की तिथल्या राजानं मला शेजारी बसवून जेवू घातलं. शिवाय असंही सांगितलं, की तिथली एक मिरची आमच्या एका खलाशानं चावली आणि त्याच्या नुसत्या फुंकरांवर बोट कोळशाशिवाय दोन मैल गेली. मिरचीचं लोकांनी मानलं. राजाचं मानलं नाही.

एरवी मी फिकीर केली नसती. पण दिवेआगरच्या वाटेवर जन्मभर गलबतं हाकलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलाची नारळ-पोफळीची वाडी होती, आणि त्याची मुलगी मला बायको म्हणून हवी होती. आईनं शब्द टाकला. तांडेलाचा निरोप आला: पोरगा कमावतो, घर चांगलं, सगळं ठीक, पण थापाड्याला मुलगी द्यायची नाही. पाण्यावर थाप मारणारा माणूस गलबत खडकावर घालतो.

यात मेख अशी, की साऱ्या पंचक्रोशीत सयाम पाहिलेला दुसरा माणूस म्हणजे हा तांडेलच. जवानीत तो तांदळाच्या जहाजावर एकदा तिकडे गेला होता. मी स्वतःच भेटायला गेलो, तेव्हा तो ओटीवर बसून छोट्या खलात पान कुटत होता.

"सयामला गेला होतास म्हणे," तो मान वर न करता म्हणाला.

"व्हय चाचा."

"काय खाल्लंस तिथं?"

मी राजापासून सुरुवात करणार होतो. पण त्यानं वर बघितलं आणि मी मुकाट्यानं पदार्थावर आलो. "कच्च्या पपईचा तो कुटलेला कीस. आंबट, तिखट, गोड, सगळं एकदम."

खल थांबला. "मग करून दाखव. शुक्रवारी, नमाजानंतर, इथं. तोच निघाला तर पुढचं बोलू. न्हाय निघाला तर तुझ्या आईला सांग, दुसरं घर बघा."

शुक्रवारी मी अशी पपई घेऊन निघालो, की तिची होडी कोरली असती तर सहा माणसं खाडीपार गेली असती. बरं, पाच. तांडेल मशिदीबाहेर कुणाशी तरी बोलत रेंगाळला, म्हणून मी पुढं येऊन त्याच्या अंगणात कामाला लागलो.

हे काम किसणीचं नव्हे. सोललेली पपई डाव्या हातात धरायची, उजव्या हातानं तिच्यावर कोयत्याचे उभे घाव घालत जायचे आणि मग वरचा थर तासायचा. लांब, बारीक काड्या पडतात. बोटं शाबूत राहिली तर पदार्थ जमला म्हणायचा. उखळीत आधी लसूण आणि मिरच्या ठेचल्या. मग भाजलेले शेंगदाणे, सुका जवळा, माडाचा गूळ, चवळीच्या शेंगांचे तुकडे. तिकडे मासळीचं खारट पाणी घालतात. मी घरून खाऱ्या बांगड्याच्या मडक्यात सुटलेलं पाणी बाटलीत आणलं होतं. शेवटी पपई घालून लाकडी मुसळानं हलक्या हातानं कुटलं. चटणी करायची नसते. पपईला मार लागला पाहिजे, पण ती कण्हायला नको.

राहिलं फक्त लिंबू. ते पिळायचं ऐन वेळी. मी परसातल्या झाडाकडे गेलो, काट्यांशी दोन हात करून चार लिंबं काढली आणि परत आलो, तर उखळी रिकामी. रिकामी कसली, धुऊन पालथी घातलेली.

त्या घरात चूल तांडेलाच्या विधवा बहिणीच्या ताब्यात होती. सगळे तिला फुफी म्हणत. ती दारात हात पुसत उभी होती.

"फुफी, इथलं कुठं गेलं?"

"लावलं ना गोश्ताला," ती म्हणाली. "लसूण घातलास ते बरं केलंस. आलं मात्र विसरलास."

आमच्या घरांत कच्ची पपई कुटलेली दिसली, की ती बकऱ्याच्या गोश्ताला लावायची, ते मऊ पडतं. दुसऱ्या कशासाठी कुणी कच्ची पपई कुटत असेल, हे फुफीच्या सात पिढ्यांत कुणाला सुचलं नव्हतं. ती तरी काय करणार?

"आणि त्यात जवळा पडला होता," ती पुढं म्हणाली. "तो वेचून मांजराला घातला. गूळ का घातलास, ते मी विचारत न्हाय. पुरुषाच्या हातचं म्हणून सोडून दिलं."

एवढ्यात तांडेल आला. मी झालेलं सगळं सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, आणि नेमकं तेच त्याला खोटं वाटलं. फुफीनं साक्ष दिली तेव्हा तो हसला. मग त्याची नजर विहिरीजवळच्या पपईच्या झाडाकडे गेली. झाडाला एकच फळ होतं, हिरवंगार.

"ते तोडू नको हां," फुफी म्हणाली. "भाईजानसाठी पिकायला ठेवलंय. त्यांच्या तोंडात एक दात. वर्षाला तेवढंच एक फळ पोटभर खातात."

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी कुरकुरीत कच्ची पपई करणार होतो, आणि परीक्षकाला पानसुद्धा कुटून लागत होतं.

तांडेलानं जाऊन फळाला बोटानं टिचकी मारली. "तोड," तो म्हणाला.

मी फळ तोडलं, सोललं, तासलं. या खेपेला तो उखळीसमोर पाट टाकून बसला आणि फुफीला चार हात लांब बसवलं. मी कुटलं, लिंबू पिळलं, केळीच्या पानावर वाढलं. त्यानं एक काडी तोंडात घातली, हिरड्यांनी घोळवली, काढून ठेवली. मग पानावर सुटलेल्या रसात दोन बोटं बुडवून चोखली. पुन्हा बुडवली. डोळे मिटले.

"धक्क्यावर," तो म्हणाला. "लाकडी जिन्याखाली. एक बाई उखळी घेऊन बसायची."

"व्हय चाचा. माझ्या वेळी तिची नात असावी. तिनं मला तीनदा शिकवलं."

"राजा यायचा तिथं?"

मुलगी आतल्या दाराआड होती. तिच्या बांगड्या वाजल्या ते मी ऐकलं.

"न्हाय चाचा," मी म्हणालो. "राजाला मी पाहिलंसुद्धा न्हाय."

"मग त्याला तिथंच ठेव. माझ्या घरात आणायचा न्हाय." त्यानं पुन्हा बोटं चोखली. "आमच्या वेळी त्या बाईची उखळी एवढी मोठी होती, की आत उतरून चार माणसं कुटायची."

मी गंभीरपणे मान हलवली. सासऱ्याची उखळी लहान करायची ही वेळ नव्हती.

मग त्यानं पान फुफीच्या हातात दिलं. "हे आत ने. चव मी बघितली. चावायचं काम जिच्या तोंडात दात आहेत तिनं करावं. जन्मभर तिलाच चावायचंय."

आतून कुरुम कुरुम आवाज येऊ लागला. मग थांबला. फुफी रिकामं पान घेऊन बाहेर आली.

"विचारतेय, मिरच्या किती घातल्या."

"तीन."

फुफी आत गेली, परत आली. "म्हणते, पाच चालल्या असत्या. आणि अजून आहे का?"

अर्धी पपई शिल्लक होती. मी उखळीपुढे बसून मुसळ उचललं. पाठीमागे तांडेल फुफीला विचारत होता, निकाह रमजानाआधी शाबानातच उरकायचा की ईद होऊ द्यायची.