वर जा

लिनक्सवर माझा प्रोग्रॅम कंपाइल झाला नाही की मोहने गावाहून आमच्या वर्तकनगरच्या ऑफिसात येणारे एक सीनियर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. स्क्रीनभर लाल एरर, आणि मी शेवटचीच वाचत बसलेली. ते तळहाताने खालचा भाग झाकायचे. "अगं, ही सगळी पहिल्या एररची पिलावळ. ती पहिली कुठेय? वर जा. अजून वर जा!"

'वर जा' म्हटलं की सगळं ऑफिस हसायचं. तेही हसायचे. वर गेलं की साधी एक फाइल गायब निघायची.

दिवाळीनंतर ते हार्ट अटॅकने गेले.

काल शेजारच्या टेबलावर एकाचा प्रोग्रॅम असाच अडला. मी त्याची स्क्रीन तळहाताने झाकली आणि म्हणाले, "अरे, वर जा."

कोणीच हसलं नाही.